छापखानदार आणि त्याचा दर

तालुक्याच्या गावातील छापखानदारास लग्नपत्रिकेचा दर विचारला असता तो दर सांगत नाही. तो चहा मागवतो आणि चहा संपेपर्यंत लग्न मुलाचे की मुलीचे, काका किती, मामा किती आणि त्यांतले बोलते किती, याची चौकशी पुरी करतो. गिऱ्हाइकाला ही आपुलकी वाटते, परंतु वस्तुतः ते अंदाजपत्रक असते, कारण पत्रिकेत कागदापेक्षा नातेवाईकच महाग पडतात, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

ऑफसेट छपाईत, म्हणजे प्लेटवरील शाई आधी रबरी ब्लँकेटवर आणि तेथून कागदावर उतरवण्याच्या पद्धतीत, बहुरंगी कामास चार प्लेटा लागतात व रंग एकमेकांवर नेमके बसेपर्यंत बराच कागद रद्दीत जातो. हा खर्च 100 प्रतींना जेवढा, तेवढाच 1000 प्रतींना. हे गणित समजावले की गिऱ्हाईक ‘म्हणजे वरच्या 900 जवळजवळ फुकटच की!’ असा निष्कर्ष काढून हजाराची ऑर्डर देते आणि पुढे पत्रिका द्यायला माणसे शोधत हिंडते.

खरी कसोटी प्रुफाच्या वेळी लागते. प्रूफ म्हणजे चुका तपासण्यासाठी आधी काढलेली प्रत. पण घरी तिच्यात प्रत्येक जण फक्त स्वतःचे नाव तपासतो, त्यामुळे वार आणि तारीख जुळत नाहीत हे बहुधा छापखानदाराच्याच ध्यानात येते. धाकट्या आत्याचे यजमान थोरलीच्या यजमानांच्या वर छापले गेल्याचे मात्र तासाभरात कळते, दुसऱ्या दिवशी एक कै. राहिल्याचे निघते, आणि तिसऱ्या फेरीला छापखानदार ‘आता मशीनवर चढलं’ असे जाहीर करतो, जरी मशीनवर त्या घटकेला दूध डेअरीची बिलबुके चालू असली तरी. याला लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल. हे वाक्य त्याने योग्य वेळी उच्चारले नसते, तर महाराष्ट्रात कित्येक लग्ने पत्रिकांवाचून लागली असती. मग तो प्रुफावर ‘मजकूर बरोबर आहे’ असे लिहवून सही घेतो आणि निम्मी रक्कम आगाऊ मागतो.

निवडणुकीच्या पत्रकांना हा निम्म्याचा नियम लागू नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951 च्या कलम 127-अ नुसार अशा पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे आणि पत्ते छापणे बंधनकारक असून प्रकाशकाकडून दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेले प्रतिज्ञापत्रही घ्यावे लागते. छापखानदार ते घेतो, नीट फायलीला लावतो आणि पूर्ण रक्कम रोख मोजून घेतल्यावरच कागदाच्या रिमला हात घालतो. कारण पडलेला उमेदवार पुढे भेटत नाही आणि निवडून आलेल्याकडे मागायची सोय राहत नाही.