हो, दिसलं!

रडू काही आलं नाही.

प्रयत्न मी मनापासून केला. न्यू जर्सीहून सुट्टीला आलेली भाची मोबाइल आडवा धरून उभी होती. गच्चीच्या कठड्याला फुगे बांधले होते. शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर इस्त्रीचा शर्ट घालून मुद्दाम वर आले होते, आणि झाडून सगळ्यांची नजर माझ्या खालच्या पापणीवर होती. रंगांधळ्यांसाठीच्या चष्म्याचे ते व्हिडिओ तुम्हीही पाहिले असणारच. एखादा दांडगा दाढीवाला गडी चष्मा चढवतो, फुग्यांकडे बघतो आणि पोराला पोटाशी धरून हमसून हमसून रडायला लागतो. मी असे निदान चाळीस पाहिले होते. स्वतःसाठी मी मधला मार्ग ठरवला होता: आधी चार सेकंद शांतता, मग चष्मा कपाळावर सरकवून डोळे टिपायचे, मग दाटल्या गळ्यानं एकच वाक्य. वाक्यही तयार होतं. ते इथे सांगत नाही, दुसऱ्या एखाद्या लेखात कामाला येईल.

चष्मा लावला. लाल फुगा जरा जास्तच पुढे आला. हिरवा होता तिथेच राहिला. मॅनेजरसाहेबांच्या चेहऱ्यावर नवऱ्यामुलासारखं तेज चढलं. आकाश जांभळट की कायसं झालं. थोडक्यात, टीव्हीचा रिमोट लहान मुलाच्या हाती लागला की चित्र जसं होतं तसं जग झालं.

‘मामा, बोल ना, काय दिसतंय?’

‘अप्रतिम!’ मी म्हणालो.

‘खोटं बोलतोय,’ मागून आईचा आवाज आला. ‘लहानपणी असाच “हो, दिसलं” म्हणायचा.’

हे व्हिडिओत आहे. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेवढाच तुकडा फिरतोय.

‘हो, दिसलं’ हे माझं आयुष्यभराचं ब्रीदवाक्य आहे. झाडात लपलेला पोपट, लॉनवरचा लाल चेंडू, पालेभाजीत आलेली अळी, चार्जरवरचा दिवा लाल आहे की हिरवा – हो, दिसलं. मला रंग दिसत नाहीत असं नाही. निळा आणि पिवळा मला तुमच्याइतकेच कळतात, कदाचित जास्तच, कारण माझी सगळी भक्ती त्यांच्यावर एकवटली आहे. घोळ आहे तो लाल-हिरव्याच्या टापूत. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यातली माझी हिरवी पेशी आपलं काम सोडून लाल पेशीची री ओढते. चाळीतल्या दोन बिऱ्हाडांची आडनावं सारखी असली की पोस्टमन दोघांकडेही तीच पत्रं टाकणार, मग भांडण कुणाचं आणि लग्न कुणाचं हे कळणार कसं? चष्मा काय करतो, तर फाटकातच उभा राहतो आणि ज्यांच्या पत्त्याबद्दल घोळ होईल अशी पत्रं फाडून टाकतो. म्हणजे त्या दोन पेशी जिथे सगळ्यात जास्त गोंधळतात, तेवढा प्रकाशाचा पट्टा गाळतो. उरलेली पत्रं बिनचूक पोचतात, पण नवं पत्र एकही येत नाही. स्पेनमधल्या ग्रॅनडा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये साधारण हेच सांगितलं: अशा काचांनी काही रंग वेगळे दिसायला लागतात, पण दुसरे काही एकमेकांत मिसळतात, आणि दृष्टी काही दुरुस्त होत नाही. हे मी चष्मा मागवण्याआधी वाचलं होतं. पण चाळीस व्हिडिओंपुढे एका विद्यापीठाचं काय चालणार?

मुळात ही काच रंगांधळ्यांसाठी घडलेलीच नव्हती. अमेरिकेतल्या एका काचतज्ज्ञानं लेसर वापरणाऱ्या सर्जनांच्या डोळ्यांच्या रक्षणासाठी ती बनवली. एकदा मैदानात फ्रिस्बी खेळताना त्याच्या रंगांधळ्या मित्रानं तो चष्मा लावून पाहिला आणि गवतावरचे केशरी शंकू दिसतायत म्हणून ओरडला. तो खरंच ओरडला. मी ‘अप्रतिम’ म्हणालो.

आता मला खरं म्हणजे कपाटाबद्दल सांगायचं आहे, पण त्याआधी साड्या.

माझं ठाम मत आहे की मराठीत रंगांना नावं नाहीत. आहे ती मंडई. दुकानात बायको म्हणते, ‘ती आमसुली दाखवा.’ आमसूल मला चांगलं माहीत आहे. रातांबा झाडावर वेगळा, वाळून बरणीत गेला की काळा, सोलकढीत उतरला की आणखी तिसराच. साडी यातली नेमकी कुठल्या टप्प्यावरची? अंजिरी म्हणजे अंजीर बाहेरून की आतून? मोरपंखी म्हणतात, पण पिसावरच्या एका डोळ्यात चार रंग असतात, त्यातला कुठला धरायचा ते मोरानं ठरवायचं का? गुलबक्षीच्या एकाच झाडावर गुलाबी, पिवळी आणि चट्ट्यापट्ट्यांची फुलं येतात, तरीही बायकांना ‘गुलबक्षी’ म्हटलं की बिनबोभाट कळतं. डाळिंबी म्हणजे डाळिंबाच्या दाण्यांचा रंग हे मला लग्नानंतर समजलं. तोवर मी वालाच्या उसळीतली डाळिंबी समजत होतो, आणि त्या रंगाचा शालू नेसवून नवरीला का बसवतात याचं मला वाईट वाटायचं. थेऊरचा चिंतामणी शेंदूर लावलेला, चिंतामणी रंग मात्र निळ्यात मोडतो. अबोली तर माझ्याशी अक्षरशः अबोला धरून आहे. आणि कळस म्हणजे मेंदी! मेंदी रंगाची साडी हिरवी, पण मेंदीचा रंग चढला की तो लाल. हे ज्यांच्या भाषेत खपून जातं, त्यांनी मला रंगांधळा म्हणावं? बरं, धूपछाव साडीला उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा. ‘बघा, हलवली की बदलते,’ असं म्हणत दुकानदार पदर हलवतो, आणि मी मान हलवतो.

तरी या नावांवर माझा जीव आहे. ‘लाल’ म्हटलं की मी परीक्षेला बसतो. ‘आमसुली’ म्हटलं की निदान जिभेला तरी पाणी सुटतं.

हं, तर कपाट. फुग्यांचा कार्यक्रम आटोपल्यावर मी एकटाच चष्मा लावून आत गेलो. माझ्याकडे राखाडी रंगाचे दोन कुर्ते आहेत. सौम्य, विचारवंती राखाडी. व्याख्यानं, पुस्तक प्रकाशनं, शोकसभा, सगळीकडे मी यातलाच एक घालतो, आणि आरशात बघताना आपण किती मोजकं, किती मुरलेलं दिसतो असं मला वाटत आलं आहे. चष्म्यातून त्यातला एक कुर्ता हळूच दुसऱ्यापासून वेगळा झाला.

‘हा वेगळा आहे का गं?’

‘गुलाबी आहे तो,’ बायको घडी घालता घालता म्हणाली.

‘पहिल्यापासून?’

‘अहो, पहिल्यापासूनच.’

मी मनात शोकसभा मोजल्या. तीन. एकीत तर मी अध्यक्षस्थानी होतो.

‘मग सांगितलं का नाहीस?’

‘तुम्ही इतके खुशीत निघायचात.’

अशा वेळी मी डाल्टनला आठवतो. हा माझा जुना आधार आहे. अणुसिद्धान्त मांडणारा जॉन डाल्टन आमच्यातलाच. रंगांधळेपणावरचा आपला निबंध त्यानं १७९४ मध्ये मँचेस्टरच्या विद्वत्सभेत वाचला, आणि आजही या प्रकाराला डाल्टनिझम म्हणतात. त्याची समजूत होती की आपल्या डोळ्यातलं पाणी निळसर असावं. मेल्यावर डोळे कापून बघा, असं तो सांगून गेला होता. १८४४ मध्ये तो गेला, डॉक्टरांनी बघितलं, पाणी स्वच्छ. डोळे मात्र जपून ठेवले गेले आणि १९९५ मध्ये त्यातल्या जनुकांवरून खरं कारण सापडलं. मी पार्ट्यांमध्ये ही गोष्ट अशी सांगतो, की ऐकणाऱ्याला डाल्टन माझा चुलतआजोबा वाटावा.

खरे आजोबा यात नंतर येतात. आधी एक जुनी गोष्ट.

व्हिडिओतली ती माणसं रडतात त्याचा मला राग येतो, हे मी आजवर कबूल केलेलं नाही. म्हणजे त्याआधीचं आयुष्य काय अंधारात काढलं होतं? रडायचं ते मी बाविसाव्या वर्षीच रडून घेतलं आहे. एका सरकारी खात्याची लेखी परीक्षा पास झालो होतो, मुलाखत झाली होती, घरी पेढे आले होते. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. जपानच्या शिनोबू इशिहारांनी १९१७ मध्ये सैन्यभरतीसाठी आणलेलं तेच पुस्तक. पान उलटत गेलं. मी ठिपक्यांकडे बघत राहिलो. ‘दिसतंय?’ डॉक्टरांनी विचारलं. मी सवयीनं ‘हो, दिसलं’ म्हणालो. ‘मग सांगा आकडा.’

पुढचं पान त्यांनी उलटलंच नाही. त्या पुस्तकात अशीही पानं असतात, जिथला आकडा आमच्यासारख्यांनाच दिसतो आणि बाकीच्यांना नुसते ठिपके. माझी पाळी तिथवर पोचली नाही.

आता दिवस बदललेत. २०२० पासून सौम्य आणि मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना वाहन परवाना द्यायचा नियम झाला. रंगांधळ्या विद्यार्थ्यांना पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे दरवाजे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उघडले. आमची पिढी आपली सिग्नलला थांबली, वरचा दिवा की खालचा हे मोजत.

संध्याकाळी पाहुणे गेले. आई बाल्कनीत बसली होती. समोर गुलमोहर. मी शेजारी बसलो. दहा वर्षांपूर्वी कुठल्याशा पुरवणीत तिनं वाचलं होतं की रंगांधळेपणा आईकडून मुलाला येतो. तेव्हापासून मी चुकीच्या रंगाचे मोजे घातले तरी तिचा चेहरा पडतो. मी एकदा भर लग्नात ‘हा आईकडचा वारसा’ असा विनोद केला होता, आणि सगळे हसले होते. ती हसली नव्हती.

‘अण्णांचंच आलं असणार तुला,’ ती म्हणाली. अण्णा म्हणजे तिचे वडील. ‘आमराईत आंबा कधी रंगावर घ्यायचे नाहीत. नाकाला लावून, देठाशी दाबून. पंचक्रोशीतले लोक आंबे पारखायला त्यांना बोलवायचे. आम्हाला वाटायचं, केवढे दर्दी!’

म्हणजे मिरवणंसुद्धा तिकडूनच आलं.

‘आई, तुझं मोतीबिंदूचं झालं तेव्हा तुला रंग वेगळे दिसले का गं?’ मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

‘दिसले की. पट्टी काढली त्या दिवशी संध्याकाळी इथेच बसले होते. आकाश इतकं निळं असतं हे मी विसरूनच गेले होते. आणि ती मोतिया साडी माझी, ती पांढरी निघाली. बराच वेळ बसले होते.’

डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं, डोळ्यातलं भिंग वयानं पिवळट होतं आणि निळा अडवतं. ते बदललं की निळा परत येतो. म्हणजे आमच्या घरात तो व्हिडिओ खरोखर घडून गेला होता. फुगे नव्हते. मी त्या संध्याकाळी आत बसून फोनवर कुणाशी तरी बोलत होतो. तिनं आत येऊन फक्त ‘भिंती किती कळकट झाल्यात रे’ म्हटल्याचं मला आठवतं.

मी चष्मा लावला. गुलमोहर पानांपासून थोडा सुटा झाला. अगदी थोडा.

‘दिसला?’

‘थोडासा.’

‘बरं,’ आई म्हणाली.

चष्मा सध्या तिच्याकडेच असतो. उन्हाला बरा पडतो म्हणते. काल गच्चीवर तो लावून ती कुरडया वाळत घालत होती. मी विचारलं, कशा दिसतायत?

‘गुलाबी,’ ती म्हणाली. ‘असू दे. खाताना पांढऱ्याच लागतील.’