कॉन्फिगरेशनभाऊ

बुलढाणा जिल्ह्यात तालुके तेरा, आणि कॉन्फिगरेशनभाऊ निदान तेवढे तरी असावेत. मलकापूरचा वेगळा, मेहकरचा वेगळा, चिखलीचा वेगळा. पण वाण एकच. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे. इंजिनिअरिंग एक तर झालेलं असतं, नाही तर शेवटच्या वर्षाचे दोन विषय राहिलेले असतात. ज्ञानात त्यामुळे काही फरक पडत नाही. पोटापाण्यासाठी तो एमएस-सीआयटीच्या सेंटरवर शिकवतो किंवा झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर, पँटच्या खिशात विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह. त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला झाकण नाही. आत वारा लागावा म्हणून समोर टेबलफॅन लावलेला असतो, आणि भाऊ बाजूला घामाघूम बसलेला असतो.

भाऊ काही विकत नाही आणि कमिशन घेत नाही. चहा घेतो. म्हणूनच पंचक्रोशीत कुणाला कॉम्प्युटर घ्यायचा झाला की दुकानाच्या आधी भाऊ गाठावा लागतो.

चिखली तालुक्यातलं एक घर घ्या. वडील सोयाबीन-तुरीचे शेतकरी, मुलगा सातवीत, साल 2020. शाळा मोबाइलवर भरायची आणि मधल्या सुट्टीत त्याच मोबाइलवर पबजी. त्या मे महिन्यात एपिक गेम्स स्टोअरनं जीटीए फाइव्ह आठवडाभर फुकट वाटला. पोरानं बापाच्या मोबाइलवरून खातं उघडून तो पदरात पाडून घेतला. गेम घरात आला. चालवायचं यंत्र तेवढं बाकी राहिलं. पुढे 2 सप्टेंबरला केंद्र सरकारनं पबजी मोबाइलवर बंदी घातली, आणि त्याच आठवड्यात पोराला अभ्यासासाठी कॉम्प्युटरची निकड जाणवू लागली. योगायोग असतात.

बापलेक भाऊकडे आले. भाऊ दोघांचं म्हणणं एकत्र कधीच ऐकत नाही. त्यानं आधी वडिलांना चहा सांगायला पाठवलं आणि पोराकडे वळला.

"खरं सांग बे, कोनता गेम?"

"जीटीए. आन् व्हॅलोरंट."

"एफपीएस किती पाह्यजे?"

"साठ." म्हणजे सेकंदाला साठ चित्रं.

"बापाचं बजेट?"

"तीस हजार."

वडील चहा घेऊन आले तेव्हा भाऊचा चेहरा शिक्षणाधिकाऱ्यासारखा गंभीर झाला होता. "काका, आता पहिल्यासारखं नाई राह्यलं. प्रोजेक्ट राह्यते, पॉवरपॉइंट राह्यते, ऑनलाइन क्लास राह्यते. ग्राफिक चांगलं पाह्यजे. नाई तं भूगोलाचा नकाशा अटकते."

"आमच्या टायमाले नकाशा कागदावर राहे," वडील म्हणाले, "तो काई अटकला नाई."

भाऊ खोटं बोलत नव्हता, खरं तेवढं निवडून बोलत होता. शाळेच्या कामाला, म्हणजे निबंध टाइप करणं, पीडीएफ वाचणं, ऑनलाइन तास यांना, आठ जीबी रॅम आणि एक एसएसडी पुरते. लिबरऑफिस फुकट मिळतं, त्यात प्रकल्पही होतो. व्हॅलोरंट हलका, प्रोसेसरच्या पोटातल्या ग्राफिकवरही पळतो. जीटीए फाइव्हला मात्र नुसती जागाच सत्तर जीबीच्या वर लागते. म्हणजे खर्च गेमसाठी होतो आणि अभ्यास त्यात फुकट बसून येतो. वडिलांना सांगताना भाऊ हे वाक्य उलटं करतो, इतकंच.

मग कृषी केंद्राच्या पावतीमागे कॉन्फिगरेशन लिहिण्याचा विधी झाला. रायझन 3, 3200जी. ग्राफिक आतच, वेगळं कार्ड नको. रॅम आठ जीबी, पण चार-चारच्या दोन पट्ट्या. वडिलांनी विचारलं, आठची एकच का नको? "काका, एक बैल जुंपून वखर हाकता काय? ग्राफिक आतलं असलं का रॅम जोडीनंच पाह्यजे." वडिलांच्या डोक्यात ड्युअल चॅनेल त्या दिवशी शिरलं ते कायमचं.

भाऊचं चलनही वेगळं आहे. शेतकऱ्याला तो रुपयांत सांगत नाही, क्विंटलात सांगतो. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव 3880 रुपये होता. तीस हजारांचा कॉम्प्युटर म्हणजे पावणेआठ क्विंटल. पोरानं रंगीत दिव्यांचे पंखे मागितले. भाऊनं पेन खाली ठेवलं. "त्या लायटीत तुया बापाचे दोन पोते जातात. त्याच्यानं एक एफपीएस वाढत नाई." पोराचा चेहरा पडला, बापाचा उजळला. भाऊवर बापाचा विश्वास बसला तो तिथं.

भाऊ तालुका पाहून कॉन्फिगरेशन बदलतो. बुलढाणा शहर घाटावर, हवा गार. तिथं कॅबिनेटला एक पंखा कमी चालतो. राजूर घाट उतरून मलकापूर-नांदुऱ्याकडे गेलं की मे महिन्यात माणसालाच पंखा पुरत नाही, मग प्रोसेसरची काय कथा! तिथं तो पंखे वाढवतो. लाइट जिथं येऊन-जाऊन असते तिथं आधी यूपीएस लिहितो, मग बाकीचं. एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर, पैसे वाचवणाऱ्याशी तो बोलणं सोडतो. "हलका एसएमपीएस एकटा मरत नाई, मदरबोर्डाले संगं घेऊन जाते," हे त्याचं वचन जिल्ह्याच्या निम्म्या झेरॉक्स दुकानांत ऐकू येतं.

त्याचा सगळ्यात मोठा लढा मात्र अंकगणिताशी आहे. बाजारात जुना डबा 'आय-सेव्हन' म्हणून विकायला असतो. सात तीनापेक्षा मोठे, हे प्रत्येक बापाला पहिलीपासून पाठ. भाऊ समजावतो, की आय-सेव्हन 2600 निघाला 2011 साली. आय-थ्री 12100 आला 2022 ला. आणि तो नवा आय-थ्री त्या जुन्या आय-सेव्हनला आरामात मागं टाकतो. पुढचा आकडा घराण्याचा, त्याच्यामागचा पिढीचा, आणि पाहायची असते पिढी. तसंच 'दोन जीबी ग्राफिक कार्ड' असा कागद चिकटवलेल्या डब्याचं. आत जीटी 710 निघालं, तर त्याच्यापेक्षा 3200जीचं पोटातलं ग्राफिक जोरात पळतं. जीबी म्हणजे कार्डाची ताकद नव्हे. हे सगळं तो न कंटाळता सांगतो आणि बाप शेवटी विचारतो, "पन भाऊ, सात मोठे ना?"

इथपर्यंत भाऊ हा जिल्ह्याचा उपकारकर्ता आहे. त्याचा रोग पुढे सुरू होतो. कॉन्फिगरेशन लिहून झालं, बापानं पैशाची जुळवाजुळव केली, बाप दुकानाची पायरी चढणार, तेवढ्यात भाऊ म्हणतो, "थांबा ना काका दोन महिने. नवीन येऊन राह्यलं."

अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला घटमांडणी होते. पाऊस किती, पीक कोणतं, याचं भाकीत दुसऱ्या दिवशी सकाळी सांगतात. त्यात रॅमचा भाव नसतो. ती उणीव भाऊ वर्षभर भरून काढतो.

चिखलीच्या त्या बापलेकांचे दोन महिने असे गेले. थांबता थांबता यादीत वेगळं कार्डही चढलं. पोरगा आठवीत गेला तेव्हा जगभर चिपची टंचाई, त्यात आभासी चलन खणणाऱ्यांनी ग्राफिक कार्डं उचललेली, भाव दुपटीकडे. 2021 च्या ऑगस्टात सोयाबीननं दहा हजारांचा आकडा पाहिला, पण तेव्हा सोयाबीन वावरात उभं होतं आणि घरात पोतं नव्हतं. पीक घरात येईस्तोवर भाव उतरला. कार्डाचा उतरला नाही. नववीत, सप्टेंबर 2022 मध्ये, इथेरियम या आभासी चलनानं खाणकामाची पद्धतच बंद केली आणि तीच कार्डं जुन्या बाजारात स्वस्त आली. बाप म्हणाला घेऊ. भाऊ म्हणाला, "चोवीस तास राबलेलं जनावर हाय ते काका, थांबा." 2023 च्या मे महिन्यात बीजीएमआय हा पबजीचा भारतीय अवतार बंदीतून सुटून मोबाइलवर परतला आणि पोराची अभ्यासाची निकड काही काळ ओसरली. मग दहावी आली. दहावीच्या वर्षी घरात कॉम्प्युटर आणणं म्हणजे काय, हे कोणत्याही आईला विचारा. अकरावीत असताना सोयाबीनचा हमीभाव 4892 आणि बाजारातला भाव त्याच्या बराच खाली; त्या वर्षी भाऊला 'थांबा' म्हणायचीसुद्धा गरज पडली नाही.

बारावीत आणखी एक वादळ आलं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची मुदत संपली. त्या आठवड्यात भाऊच्या दारात रांग. कुणीतरी उठवलं होतं, की सगळे कॉम्प्युटर त्या रात्री बारा वाजता बंद पडणार. भाऊ प्रत्येकाला सांगत होता, "बंद नाई पडत रे बाप्पा. सुरक्षेचे अपडेट येनं बंद होते. धकते काही दिवस, पन बँकेचं काम त्याच्यावर करू नोका." विंडोज 11 ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, हे त्यानं इतक्या वेळा सांगितलं, की टपरीवाल्या पोरालाही पाठ झालं. ही रांग ओसरते न ओसरते तोच रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरची मेमरी आपल्याकडे ओढली आणि त्याचा चटका चिखलीच्या टपरीपर्यंत पोचला. त्याच सुमारास चांदीही चढत होती. खामगावच्या चांदीवाल्यांना भाऊ विचारायचा, चांदी कधी उतरेल? चांदीवाले त्याला विचारायचे, रॅम कधी उतरेल? दोघंही एकमेकांना म्हणायचे, "थांबा."

डिसेंबरात वडील सोयाबीन घेऊन खामगावच्या बाजार समितीत गेले. पट्टी झाली, पैसे हातात आले, आणि भाऊला फोन न लावता ते जुन्या कॉम्प्युटरच्या एका दुकानात शिरले. दुकानदारानं सवयीनं 'आय-सेव्हन' पुढे केला.

"कोनती पिढी?" वडिलांनी विचारलं.

दुकानदार चपापला. वडिलांनी पुढचे प्रश्न ओळीनं टाकले. टीपीएम हाय काय? रॅम एक पट्टी का जोडी? एसएसडी किती जीबीची? गॅरंटी कागदावर का तोंडी? जीएसटीचं पक्कं बिल? कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेला, आठव्या पिढीच्या आय-फाइव्हचा, सोळा जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडीचा डबा त्यांनी निवडला. त्यात जीटीएक्स 1650 चं आखूड कार्ड बसवून घेतलं, कारण त्याला वेगळी वायर लागत नाही, 75 वॉटात भागतं. हेही त्यांना ठाऊक होतं. शेवटी दुकानदारानंच विचारलं, "काका, कॉलेजात शिकवता काय?"

काका पाच वर्षं चहाचे पैसे देत बसले होते. तेवढ्या काळात दुसरं काय होणार?

भाऊ संध्याकाळी डबा पाहायला गेला. बराच वेळ काही बोलला नाही. झाकण उघडलं, रॅम पाहिली, जोडी होती. कार्ड पाहिलं, बरोबर होतं. बिल पाहिलं, पक्कं होतं. मग मॉनिटरकडे पाहून त्याला हायसं वाटलं. "साठ हर्ट्झचा हाय. दोन महिने थांबले असते तं..." आणि हे म्हणताना त्याचे हात ड्रायव्हर टाकत होते. मध्यरात्रीपर्यंत बसून त्यानं विंडोज नीट केलं, मराठी टायपिंग बसवलं, सीईटीच्या सराव परीक्षा उघडून दिल्या. एमएचटी-सीईटी 2019 पासून कॉम्प्युटरवर होते, तेव्हा पोराला माउसची सवय हवी, हे त्यानं आईला पटवलं. पैसे विचारले तर रागावला.

2020 साली फुकट मिळालेला जीटीए फाइव्ह अखेर सुरू झाला. पोरानं पहिला प्रश्न विचारला, "भाऊ, याच्यावर जीटीए सिक्स चालीन?" भाऊनं सांगितलं, की त्याची तारीख दोनदा पुढे गेली आहे, आता नोव्हेंबर 2026 म्हणतात, तीही प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्ससाठी. असले गेम काढणारे लोक त्याला मनापासून आवडतात. तेही थांबा म्हणतात.

आता त्या गावात कॉम्प्युटर घ्यायचा असला की लोक काकांकडे जातात. काका विचारतात, पोरगं कितवीत आहे आणि गेम कोणता. बापाला चहा सांगायला पाठवूनच विचारतात. आणि भाऊ चारचौघांत सांगतो, "तो डबा माह्याच सल्ल्यानं घेतला." यात खोटं काही नाही.

तुमच्या तालुक्यातही असा भाऊ आहे. त्याच्याकडे जरूर जा. पिढी कोणती, रॅम जोडीनं का, एसएमपीएस कोणता, यातलं त्याचं प्रत्येक वाक्य लिहून घ्या. एवढं खरं आणि फुकट दुसरं कुणी सांगणार नाही. फक्त 'थांबा' म्हणाला की मान डोलवा, त्याच्या चहाचे पैसे द्या आणि सरळ दुकानात जा. पक्कं बिल मात्र विसरू नका.