एवढासाच?

दुखण्यांच्या जगातही मानपान असतो. मणक्याचं दुखणं सगळ्यांत घरंदाज. त्याला कमरेचा पट्टा असतो, उजेडासमोर धरून बघायची एमआरआयची फिल्म असते आणि ‘एल फोर-एल फाइव्ह’ असा भारदस्त पत्ताही असतो. रक्तदाब आणि मधुमेह घरोघरी झाल्यामुळे त्यांचं अप्रूप उरलेलं नाही, तरी पंगतीत जिलबी नाकारताना त्यांचं नाव ऐटीत घेता येतं. दाढदुखीच्या बाजूनं सुजलेला गाल साक्ष देतो. बोटात मोडलेल्या काट्याच्या वाट्याला मात्र यातलं काहीच येत नाही. तो कुणाला दिसत नाही. त्याची चौकशी करायला कुणी शहाळं घेऊन येत नाही. ‘बोटात काटा गेल्यामुळे रजा मिळावी’ असा अर्ज करण्याची छाती आजवर एकाही सरकारी कर्मचाऱ्याला झाली नसावी.

ही विषमता माझ्या लक्षात आणून दिली ती आमच्या फाटकावरच्या बोगनवेलीनं. पुण्यात बैठं घर आणि फाटक असलं की त्यावर बोगनवेल असावीच लागते, नाहीतर घर अनोळखी वाटतं. हिचा स्वभाव असा, की लाड केले की बिघडते. पाणी कमी पडलं तर रुसण्याऐवजी फुलते, आणि भरपूर मिळालं तर पानं आणि काटे यापलीकडे काही देत नाही. पावसाळ्यात तिला पाणी द्यावं की नाही हे आपल्या हातात नसतं. त्यामुळे पाऊस ओसरेपर्यंत ती फाटकाच्या बाहेर दोन्ही हात पसरून उभी राहते. कुरियरवाला वाकून आत येतो, दूधवाला बाहेरूनच हाक मारतो आणि एखाद्या स्कूटरवालीची ओढणी पकडून ठेवली गेली की छाटणीचा विषय घरात निघतो.

छाटणी चालू असताना एक आडवी फांदी सुटली आणि तिचा काटा उजव्या तर्जनीत, शेवटच्या पेराशी गेला. गेला तो गेला, वर टोक आत ठेवून मोडला. बाहेर दिसायला फक्त एक काळा ठिपका. रक्तसुद्धा नावापुरतंच.

तर्जनी दिवसभरात किती कामं करते याची नोंद कुठेही ठेवलेली नसते. तिला संप करू द्यावा, मग कळतं. शर्टाचं वरचं बटण, चष्म्याचं घर, औषधाच्या गोळीची पट्टी, फोन उघडायचा ठसा, सगळं अडलं. वरणभातावर लिंबू पिळलं आणि ब्रह्मांड आठवलं. डाव्या हातानं जेवावं तर सासूबाई समोर बसलेल्या. एक फायदा मात्र झाला, असं घरच्यांचं म्हणणं पडलं: दुसऱ्याकडे बोट दाखवण्याची माझी सवय काही काळ आपोआप बंद राहिली.

आता उपचार. मोठ्या दुखण्यावर बोलायला माणसं जरा बिचकतात. काट्यावर बोलायला कुणाचीच हरकत नसते. सासूबाईंनी गव्हाच्या पिठाचं हळद घालून पोटीस बांधलं. त्यानं बरं वाटलं, पण हात शिऱ्यात बुडवल्यासारखा दिसू लागला. शेजारच्या काकांनी कुंपणावरूनच गुळाचा चटका सुचवला आणि मी मान डोलावतो आहे असं बघून बिब्ब्यापर्यंत पोचले. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात. पूर्वी धोबी त्याच तेलानं कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करायचे. काट्याचं दुखणं विसरावं म्हणून त्याहून मोठं दुखणं अंगावर घ्यायचं, असा काहीसा त्यामागचा विचार असावा. रुईच्या चिकाचंही नाव निघालं. तो चीक डोळ्यात गेला तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावं लागतं, म्हणजे तोही त्याच मार्गातला. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केळीची साल, खाण्याचा सोडा आणि एका गृहस्थांकडून सकाळच्या शुभेच्छा आल्या.

थोडी प्रतिष्ठा मिळाली ती टेकडीवर. सकाळी तिथे भेटणारे एक स्नेही वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांना बोट दाखवलं. त्यांनी बोटाकडे बघितलंच नाही.

“काटा कुणाचा?”

“बोगनवेलीचा.”

“मग तो पानाच्या बगलेतून आलेला असणार. फांदीचंच रूपांतर ते. तुमच्या बोटात फांदी आहे.”

मला एकदम बरं वाटलं. काटा जाणं वेगळं आणि फांदी जाणं वेगळं. मग त्यांनी चालता चालता काट्यांची वंशावळच मांडली. लिंबाचा काटाही असाच बगलेतून निघालेला. निवडुंगातल्या कॅक्टसच्या कुळात पानांचेच काटे झालेले. बाभळीचे आणि बोरीचे काटे म्हणजे पानाच्या देठापाशी असणारी उपपर्णं. आणि गुलाब? “गुलाबाला काटाच नसतो,” सर म्हणाले. “ते सालीवरचे उंचवटे. अंगठ्यानं बाजूला ढकलले तर टपकन तुटतात. आतल्या लाकडाशी त्यांचा काही संबंध नाही.”

म्हणजे काव्यात ज्याचा इतका बोलबाला आहे, तो काटा शास्त्रानुसार काटाच नाही. आणि कीर्ती बघा गुलाबाची. कवी रिल्के 1926 साली स्वित्झर्लंडमध्ये गेला. एका पाहुणीसाठी गुलाब तोडताना काटा लागला आणि त्यानं कवीचा बळी घेतला, अशी कथा आजही सांगितली जाते. खरं कारण होतं रक्ताचा कर्करोग. ऑक्सफर्डचा पोलीस शिपाई अल्बर्ट अलेक्झांडर याची गोष्ट तर डॉक्टरांच्या पुस्तकांत शिरली. 12 फेब्रुवारी 1941 ला त्याला पेनिसिलिन टोचायला सुरुवात झाली. तो सुधारू लागला, पण औषध इतकं तुटपुंजं होतं की त्याच्या लघवीतून ते गाळून पुन्हा टोचावं लागलं. तेही संपलं आणि 15 मार्चला तो गेला. त्याच्या तोंडाला जखम झाली ती गुलाबाच्या ओरखड्यानं, असं वर्षानुवर्षं छापलं गेलं. पुढे त्याच्या मुलीनं सांगितलं, की जखम बॉम्बहल्ल्यातली होती. दोन्ही वेळा गुलाबाचा काही दोष नव्हता आणि दोन्ही वेळा नाव त्याचंच झालं. बोगनवेलीनं कितीही बोटं फोडली तरी तिच्यावर असा साधा आळही कुणी घेत नाही.

तिच्या नावाची कथाही मानपानाचीच आहे. बोगनव्हिल हा फ्रेंच आरमारातला अधिकारी 1766 साली जगप्रदक्षिणेला निघाला. सोबत कमर्सन नावाचा वनस्पतितज्ज्ञ होता. 1767 मध्ये ब्राझीलमध्ये, रिओ दी जानेरोच्या परिसरात, या काटेरी वेलीचे नमुने गोळा झाले आणि वेलीला नाव मिळालं ते जहाजाच्या प्रमुखाचं. कमर्सनचा पाय दुखरा होता. त्यामुळे रानात शिरायचं, ओझी उचलायची, झुडपांतून हात घालायचे ही कामं त्याच्या मदतनिसावर पडत. हा मदतनीस म्हणजे पुरुषाच्या वेषातली जान बारे. आरमाराच्या जहाजावर बायकांना बंदी होती, म्हणून हे सोंग. पुढे ते उघडकीला आलं. फ्रान्सला परत पोचली तेव्हा ती पृथ्वीप्रदक्षिणा करणारी, आपल्याला माहीत असलेली पहिली स्त्री ठरली होती. बोगनवेलीचा काटा पहिल्यांदा कुणाला लागला याची नोंद नाही. पण ज्यानं जहाजावर उभं राहून दुर्बीण धरली त्याला तो लागला नसणार, इतपत तर्क करायला हरकत नाही. बारेचं नाव एका वनस्पतीला टिकाऊपणे मिळालं ते 2012 साली, दक्षिण अमेरिकेतल्या एका वेलीला. ती वांग्या-बटाट्याच्या कुळातली आहे. वांगं निवडताना देठाचा काटा ज्यांना लागला असेल त्यांना यातलं औचित्य वेगळं सांगायला नको.

एवढा इतिहास बोटात घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंत?” या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही नवऱ्याला येत नाही. ते बायकोला येतं. हिनं साल, प्रसंग आणि त्या वेळी मी केलेला आरडाओरडा असा तपशील दिला. दहा वर्षं उलटून गेली होती, म्हणून आधी दंडात सुई. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात, तेव्हा बागकाम करणाऱ्यानं हे लांबणीवर टाकू नये, असं डॉक्टर म्हणाले. एक्स-रे काढू का, असं मीच उत्साहानं विचारलं. फिल्म हातात आली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, लाकडाचा तुकडा एक्स-रेत सहसा दिसत नाही, फार तर सोनोग्राफीत दिसेल. पण काटा वरच्या वर आहे, जरा थांबू. बोट तासन्‌तास गरम पाण्यात बुडवून ठेवू नका, लाकूड फुगतं आणि जास्तच अडकतं. लाली वर चढली, ताप आला किंवा बोटाचा सांधा धरला तर मात्र लगेच या.

मग त्यांनी सहज एका बुरशीचं नाव घेतलं. माती, गवत, सडका पाला यांत ती राहते, काट्याच्या टोकावरून आत जाते आणि काही आठवड्यांनी बोटापासून दंडाकडे एका रांगेत गाठी येत जातात. बाल्टिमोरच्या शेंक नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यानं 1898 साली तिचं पहिलं वर्णन केलं. आपल्याकडे हिमाचलच्या बाजूला ती जास्त आढळते. आणि या आजाराचं बोलीतलं नाव काय, तर गुलाबाच्या माळ्याचा रोग. पुन्हा गुलाब!

“मला तसलं काही…?”

“छे हो, तुमचं अगदी साधं आहे,” डॉक्टर म्हणाले. हे ऐकून सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. तो टाकलाही, पण त्यात थोडी निराशा मिसळलेली होती हे नाकारून काय उपयोग?

काटा काढला तो आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी. त्या मूळच्या माणच्या. पाऊस कमी, काटे उदंड असा तो मुलूख. पोटीस बांधलेलं बोट घेऊन मी भांड्यांपाशी घुटमळत होतो तेव्हा त्या हात धुऊन, पदराला पुसत जवळ आल्या.

“बघू काका.”

उजेडाकडे तोंड करून बसायला लावलं. मनगटातल्या बांगड्यांत अडकवलेल्या सेफ्टी पिनांच्या जुडग्यातून एक निवडली. हिनं घाईनं ती पिन उकळून, वर स्पिरिट लावून दिली. मावशींनी या सोपस्काराला हरकत घेतली नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरून तो आमच्या समाधानासाठी आहे हे कळत होतं.

“बाभळ काढली, बोर काढली, हिवर काढला. सराटे तर मोजायचेच न्हाईत. शेरडांमागं अनवाणी हिंडायचं, मग काय! आमची आजी काट्यानंच काटा काढायची. पिन कुठली तवा? बाभळीचा ताजा काटा घ्यायचा, टणक असतोय. आन्‌ आपला बाप तर फेसाटी ओढीत न्यायचा कुपाटीला, त्याच्या हातात किती मोडलं असतील, त्यो काय बघायचासुदिक न्हाई.”

हे सगळं बोलणं म्हणजे भूल होती, हे मला मागाहून उमगलं. बोलता बोलता त्यांनी अंगठ्यानं पेराच्या दोन्ही बाजू दाबून रक्त मागे सारलं होतं. ठिपक्याच्या आडवी नाही, काटा गेला त्याच दिशेनं त्यांनी वरची कातडी पिनेनं चिरली. खोल टोचायचं नाही, वरचं झाकण उघडायचं, हे त्यांचं तंत्र. सराटा असला तर कसं काढायचं आणि कुरूप झालं असलं तर काय करायचं, याचेही वेगवेगळे हात होते. एखाद्या शल्यविशारदानं आपलं ज्ञान इतक्या कमी शब्दांत आणि इतकी भांडी पडलेली असताना सांगितलेलं मी ऐकलेलं नाही.

“तिकडं बघा, कावळा आलाय.”

मी बघितलं. कावळा नव्हता. परत वळलो तेव्हा काटा मावशींच्या नखावर होता.

सासूबाईंनी चष्मा लावला. हिनं फोनचा दिवा धरला. शेजारचे काका बिब्बा मिळाला म्हणून तो घेऊन नेमके तेव्हाच आले होते, तेही वाकले. वर्तमानपत्राच्या समासावर ठेवलेला तो तुकडा जिऱ्याच्या अर्ध्या दाण्याएवढाही भरला नसता.

“एवढासाच?” काका म्हणाले.

त्यांनी बिब्बा परत खिशात घातला. ही दिवा बंद करून स्वयंपाकघरात गेली. सासूबाईंनी “असो, निघाला ना,” असं म्हटलं. ही फांदी आहे, रूपांतरित फांदी आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात पंखा लागला आणि पुरावा नाहीसा झाला. मावशी तर केव्हाच नळाशी परतल्या होत्या. त्यांना मी भीत भीत काही पैसे देऊ केले. “काटा काढायचं कुणी पैसं घेतंय व्हय?” एवढं बोलून त्यांनी कढई घासायला घेतली.

अर्धी वेल अजून फाटकावरच होती. नेहमीच्या बागेच्या दुकानातले कापडी हातमोजे या काट्यांपुढे मलमलीचे. म्हणून बोहरी आळीत गेलो. एका हार्डवेअरच्या दुकानात वेल्डरचे जाड चामडी हातमोजे टांगलेले दिसले. हातात घालून बोटं वाकवून बघत होतो. दुकानदारानं माझ्याकडे, माझ्या झब्ब्याकडे आणि मग बोटावरच्या पट्टीकडे बघितलं.

“बोगनवेल का?”

मी मान हलवली.

“मग हे नको. कोपरापर्यंतचे घ्या.” वरच्या फळीवरून जोडी काढता काढता त्यानं गल्ल्यावरच्या मुलाला हाक मारली. “आणि काकांना गॉगल दाखव रे, वेल्डिंगचा नको, पांढऱ्या काचेचा.”