बाटलीला गवसणी

नेदरलँड्समध्ये बिअर गार ठेवायला वेगळं काही करावं लागत नाही. बाटली घेऊन घराबाहेर उभं राहायचं, पुढचं वारा बघतो. २५ जुलै २०१९ला खिल्झे-रायेनमध्ये पारा ४०.७ अंशांवर गेला होता, ते इथली माणसं अजूनही आवाज खाली आणून सांगतात. चंद्रपूरच्या माणसाने अशा वेळी सभ्यपणे मान हलवावी. एरवी इथे बाटलीला गवसणी घालायची, तर ती धरणाऱ्याच्या बोटांसाठी.

तरीही आम्स्टलवेनमधल्या आमच्या शेजारच्या आजोबांकडे अशा गवसण्यांनी एक अख्खा खण भरलेला आहे. पाणबुडे ज्या निओप्रीनचे पोशाख घालतात, त्याच रबराच्या त्या बिनबाह्यांच्या बंड्या. निओप्रीन १९३० साली अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीत तयार झालं, तेव्हा त्याचा शेवट बिअरच्या कमरेला होईल असं कुणालाही वाटलं नसणार. या गवसण्या कुणी विकत घेत नाही, त्या येतात. फुटबॉलच्या मोसमात नारिंगी येतात, कुणाच्या लग्नात वधूवरांची नावं छापलेल्या येतात. वापरवत नाहीत आणि टाकवतही नाहीत. आतल्या डब्याला निदान किंमत तरी आहे. १ एप्रिल २०२३पासून इथे पेयाच्या डब्यावर १५ सेंट अनामत घेतात, आणि रिकामा डबा सुपरमार्केटच्या यंत्रात टाकला की ती परत मिळते. गवसणी ते यंत्र घेत नाही. आजोबांनी घालून पाहिली असावी.

आजोबांचं व्यसन बिअर नव्हे, जिओकॅशिंग: कुणी लपवलेले डबे जीपीएसच्या आधारे हुडकण्याचा खेळ. अमेरिकी सरकार जीपीएस उपग्रहांच्या संकेतांमध्ये मुद्दाम चूक मिसळायचं, ते मे २०००च्या सुरुवातीला बंद झालं. लगेच, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने ओरेगॉनच्या रानात एक बादली पुरली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. बादलीत वही, पेन्सिल, पुस्तकं, एक गलोल आणि घेवड्याचा एक सीलबंद डबा. अब्जावधी डॉलरच्या यंत्रणेची अचूकता सामान्य माणसाच्या हाती आली आणि त्याने तिचं काय केलं, तर घेवडा लपवला. मला हा माणूस मनापासून आवडतो. नियमाचं मूळ त्याचंच, आजचं रूप असं: काही घेतलंत तर तोलामोलाचं काही ठेवा, आणि वहीत नाव लिहा. घेवड्याला मात्र आता बंदी आहे. डब्यात खाद्यपदार्थ नको, दारू तर नकोच. म्हणजे गवसणी चालते, बाटली चालत नाही.

तोलामोलाच्या नियमाचं पुढे काय होतं, ते अशा डब्यांची झाकणं उघडणाऱ्या कुणालाही विचारा. पहिला येणारा छानशी विजेरी घेऊन किल्ल्यांची साखळी ठेवतो, दुसरा साखळी घेऊन गोटी ठेवतो. पावसाळा संपेपर्यंत आत एक चाक नसलेली मोटार आणि मुदत संपलेलं कूपन उरतं. हलकं नाणं चांगल्याला बाजारातून हाकलतं हा ग्रेशॅमचा नियम अर्थशास्त्राचे विद्यार्थी घोकून पाठ करतात. इथे तो झाडाच्या बुंध्याशी ओला होऊन पडलेला असतो.

म्हणून एका ‘विषयाला वाहिलेल्या’ डब्याची बातमी आजोबांनी आणली, तेव्हा मला त्यातली अक्कल ताबडतोब पटली. आत फक्त गवसण्या. एक ठेवा, एक घ्या. या देशात ती वस्तू कुणालाच नको असल्यामुळे हाव नाही, हाव नसल्यामुळे फसवणूक नाही. निरुपयोगी मालाचा बाजार सर्वांत प्रामाणिक असतो, असा सिद्धान्त मी मांडत होतो. तेवढ्यात चिपळूणची आत्या सुट्टीला आली.

तिने आजोबांची एक गवसणी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, “अरे, हे तर घामाचं औषध आहे.” ते खरंही आहे. दमट हवेत गार डब्यावर जमणारं पाणी आतलं पेय तापवतं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली हिशेब मांडला, की त्या पाण्याचा दशांश मिलिमीटरचा थरसुद्धा पेय पाचेक अंशांनी तापवू शकतो. गवसणीचं खरं काम तो थर रोखण्याचं. थोडक्यात, ही वस्तू चिपळूणच्या मे महिन्यासाठी जन्मली आणि चुकून हॉलंडात वाढली.

डब्यात ठेवायला आत्याने स्वतः एक शिवली, जुन्या लुगड्याचे थर घालून, गोधडीचे टाके मारून. मी माप द्यायला गेलो, तर म्हणाली, “माहीत आहे मला.” आतोबा नौदलात होते. मी पुढे विचारलं नाही.

डबा आम्स्टर्डाम्से बॉसमध्ये आहे. नेमकी जागा सांगणं या पंथात पाप आहे. ते रान १९३०च्या दशकातल्या मंदीत बेकारांना काम मिळावं म्हणून हजारो मजुरांनी हातांनी घडवलेलं. आजोबा अभिमानाने हे सांगत होते. मी भाषांतर केलं. “म्हणजे रोजगार हमीचं,” आत्या म्हणाली आणि विषय संपला.

खेळ न खेळणाऱ्यांना इथे मगल म्हणतात, आणि मगल दिसला की चेहरा निर्विकार ठेवायचा असतो. कुत्रा फिरवणाऱ्या एक बाई दिसताच आजोबा झाडाची साल निरखू लागले, मी बुटाची नाडी बांधू लागलो, आत्याने बाईंना हात हलवून हसून नमस्कार केला. बाई थांबल्या. “डबा शोधताय? या झाडामागे नाही, त्या पलीकडच्या.” डच माणसासमोर गुपित टिकत नाही.

झाकण उघडल्यावर माझा सिद्धान्त कोसळला, कारण त्या बाजारात प्रथमच खरं गिऱ्हाईक आलं होतं. आत्याने गोधडी ठेवली आणि चार गवसण्या उचलल्या. आजोबा आयुष्यभर हिशेबनीस होते. ते म्हणाले, एकास एक. आत्या म्हणाली, “हाताचं काम आहे. त्यांच्या त्या रबराला टाका तरी दिसतोय का?” चाळीस वर्षं बोहारणींशी ओट्यावर झुंजलेली बाई ती, एका पातळात पातेलं घेऊन शिवाय वर वाटी मागणारी. तोलामोलाचा नियम तिने त्यांच्याच अंगावर उलटवला. मी मधे दुभाष्या, दोन्हीकडून शिव्या गाळत. अखेर दोन गवसण्यांवर सौदा पटला आणि वर तिसरी, कुठल्याशा प्लंबरच्या जाहिरातीची. आजोबांनी आपल्या खिशातल्या दोन डब्यात टाकून हिशेब जुळवला. वहीत आत्याने आधी वर ‘श्री’ काढला, मग नाव, गाव, तालुका, जिल्हा.

ती परत गेल्यावर काही आठवड्यांनी कळलं की गोधडी कुणीतरी नेली. मासे धरायला बसताना तो माणूस ती कॉफीच्या थर्मासला घालतो म्हणे. मी फोनवर सांगितलं.

“राहणारच गरम. ठेवलं काय त्याने?”

“प्लंबरची होती ना, तसलीच एक.”

“एवढीच? वर काही?”

“आत्या, रानात वर कोण देणार? तिथे माणूस असतो का?”

“वही असते ना? मग लिहून ठेव त्यात. एक येणे.”