अनशापोटी उपरोध

आरोग्याच्या अफवा कशा पसरतात हे मुलांना शिकवायचं, तर उपरोधासारखं साधन नाही, असं एका प्रशिक्षणात आम्हा शिक्षकांना सांगण्यात आलं. सोबत समोसा होता. तेव्हापासून अकरावीच्या वर्गावर मी हे साधन वापरतो. साधनाबद्दल माझी तक्रार नाही. लोकांबद्दल आहे.

सुरुवातीला जॉन बोहॅनन यांची गोष्ट सांगितली. या अमेरिकी पत्रकाराने काही जर्मन सहकाऱ्यांबरोबर डार्क चॉकलेटचा प्रयोग खरोखरच केला. माणसं जेमतेम 15, मोजमापं मात्र 18: वजन, कोलेस्टेरॉल, झोप आणि काय काय. मूठभर माणसांवर एवढं सगळं मोजलं की योगायोगाने काहीतरी लागतंच. लागलं वजन. मग 600 युरो भरून एका नियतकालिकात शोधनिबंध छापून आणला. संशोधन संस्था म्हणून जिचं नाव दिलं, ती म्हणजे नुसती एक वेबसाइट. 2015 मध्ये चॉकलेटने वजन उतरतं ही बातमी ‘बिल्ड’सारख्या बड्या जर्मन दैनिकातही झळकली. प्रयोग किती माणसांवर केला, हे विचारायचं जवळपास सगळेच विसरले.

वर्ग मनापासून हसला. नंतर वह्या तपासताना लाल शाईतली चौकट सापडली: ‘डार्क चॉकलेटने वजन कमी होते. (महत्त्वाचे)’

मग गृहपाठ दिला. असाच एक मेसेज रचा, पण शेंबड्या पोरालाही थाप कळली पाहिजे. एका मुलीने झकास लिहिला. पंख्याकडे बघत तीन जांभया दिल्या की शुगर उतरते, कारण रक्तातल्या साखरेची वाफ होऊन ती तोंडावाटे बाहेर पडते. वर ‘मोठ्या डॉक्टरांचा सल्ला’, खाली जोडलेले हात आणि ‘दाबून ठेवू नका, एखाद्याचा जीव वाचेल’. दहापैकी नऊ दिले. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, म्हणून एक गुण कापला, अस्सल वाटेना.

पालकसभेत तो वाचून दाखवला. हा उपरोध आहे, हे आधी सांगितलं, नंतरही सांगितलं. काही शंका?

‘जांभया अनशापोटी द्यायच्या का?’

‘पंखा चालू हवा की बंद?’

एक वयस्कर गृहस्थ सावकाश उठले. चला, एक तरी शहाणा निघाला, असं वाटलं. ते म्हणाले, ‘ॲलोपॅथीवाले हे सांगणारच नाहीत.’ टाळ्या पडल्या.

हे खरं आहे का, असं कुणी विचारलं नाही, याचं मला काही वाटत नाही. वेळ, मात्रा आणि पथ्य सांगितलं की आपल्याकडे औषध सिद्ध होतं. पथ्य सांगायचं राहिलं, ही त्या मुलीची चूक. पण सभा आटोपल्यावर उपप्राचार्या बाईंनी मला बाजूला घेतलं. बाई विज्ञानाच्याच. यजमानांना शुगर आहे म्हणाल्या, आणि घरी सगळीकडे एसी आहे. एसीकडे बघून चालेल का?