आमच्याकडे सध्या जंतू आहेत

2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा सांगलीच्या आत्याच्या घरात कपाटं तरंगत होती आणि माशांची टाकी माळ्यावर कोरडी ठणठणीत होती. पुढे तिच्यात भडंग राहू लागलं. "काच आहे, किती उरलंय ते दिसतं," हा आत्याचा युक्तिवाद. शेवटी भाचा म्हणून दोनशे रुपयांत ती मला मिळाली. वर ताकीद, "साताऱ्याला नेऊन कंदी पेढे भरू नकोस तिच्यात."

टाकी दारात येताच आमचं घर पदर खोचून उभं राहिलं. आईने भांड्यांचा साबण काढला, शेजारच्या काकू फिनेल घेऊन आल्या. मराठी घराला स्वच्छतेचा वास आल्याशिवाय स्वच्छता पटत नाही. माशाला नेमका तोच सोसत नाही. साबणाचा अंश सांध्यातल्या सिलिकॉनला चिकटून राहतो आणि पुढे माशांच्या कल्ल्यांना जाच करतो. दोघींची हत्यारं मी परत पाठवली. काकू अजून जरा फुगूनच आहेत.

कोपऱ्यात एक शेंगदाणा आणि कढीपत्त्याचं कडकडीत पान निघालं. तेलकटपणा खाण्याच्या सोड्याने गेला. वरच्या कडेला बोअरच्या पाण्याचा पांढरा, खरखरीत पट्टा होता. त्यावर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास ठेवलं. क्षार बारीक फसफसले आणि बोट फिरवलं तर काच गुळगुळीत. "त्यातच थोडं ब्लीच ओत की," वडील म्हणाले. ओतलं असतं तर विषारी क्लोरीन वायू तयार होऊन मासे येण्याआधी आम्हीच गेलो असतो.

मग टाकी अंगणात सपाट जागी थर्माकोलवर ठेवून काठोकाठ भरली आणि रात्रभर तशीच सोडली. खाली वर्तमानपत्र पसरलं होतं, ते सकाळी कोरडं निघालं. दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच टाकीत साधारण 56 लिटर पाणी मावतं, म्हणजे 56 किलो. हॉलमधल्या टीपॉयचा बेत तिथेच रद्द झाला.

खरी पंचाईत पुढेच. घासूनपुसून लखलखीत केलेल्या टाकीत मी चिमूटभर माशांचं खाद्य टाकलं, कुजायला. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. "एवढं घासून आता मुद्दाम घाण?" हो, मुद्दाम. माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, तो त्यांना मारक. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वसावे लागतात. त्याला चार ते सहा आठवडे सहज जातात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांनाही मारतं, म्हणून पाण्यात आधी सोडियम थायोसल्फेटचे थेंब. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मगच मासे, तेही दोन-तीनच.

तोवर येणारा-जाणारा रिकामी टाकी बघून विचारतो, "मासे कुठायत?" आई चहा पुढे करत शांतपणे सांगते, "आमच्याकडे सध्या जंतू आहेत."

जुनी टाकी घेताना पैशांची घासाघीस करा, पण आधीच्या मालकाने तिच्यात कुठलं औषध घातलं होतं तेही विचारा. तांब्याच्या औषधाचा अंश मागे राहिला तर गोगलगायी आणि झिंगे दगावतात. मी आत्याला फोन करून विचारलं. "औषध नाही रे," ती म्हणाली, "कांदा-लसूण मसाला तेवढा."