काळ्या सदऱ्यातला दप्तरदार

ज्यांच्या काळ्या सदऱ्यावर कवट्या, ज्वाला आणि काटेरी झुडपासारख्या अक्षरांत लिहिलेले, सामान्य साक्षर मनुष्यास न वाचता येणारे एखादे नाव असते, आणि ज्यांचा घोळका दिसताच अंधेरीच्या रिक्षावाल्यानेही मीटर टाकण्यापूर्वी क्षणभर विचार करावा, अशी मंडळी वस्तुतः किती निरुपद्रवी, नियमनिष्ठ आणि तपशिलास चिकट असतात, याचा प्रत्यय यावयाचा असेल तर हेवी मेटलची मैफल संपल्यावर क्लबाबाहेर, अंडाभुर्जीच्या गाडीभोवती, अर्धा तास उभे राहावे. मैफल दीड तासात आटोपते. तिच्या चौकशीचे कामकाज मात्र पुढील मैफलीपर्यंत तहकूब होत होत चालू राहते.

या कामकाजाचा मुख्य अंमलदार म्हणजे आमचा दप्तरदार. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, चाकरी बँकेत अथवा संगणकाच्या कंपनीत, बिऱ्हाड डोंबिवलीस. केस पूर्वी लांब होते, आता त्यांचा उल्लेख स्नेही मंडळी टाळतात. रंगमंचासमोर चाललेल्या धुमश्चक्रीत तो आताशा उतरत नाही. कानांत बोळे घालून तो ध्वनियंत्रकाच्या टेबलाशेजारी उभा राहतो, आणि दर गाण्यानंतर त्या गरीब माणसाकडे असा पाहतो की, जणू हिशेबतपासनीसच आला आहे.

बाहेर आल्यावर पहिली फिर्याद नेहमी आवाजाची. कोणी एक तरुण, घामाने निथळत, गायकाचे एक अक्षर कानी पडले नाही म्हणून तक्रार गुदरतो. दुसरा शपथेवर सांगतो की गायक तर उत्तम ऐकू आला, गिटारच बेपत्ता होते. दप्तरदार दोघांची उलटतपासणी घेतो. ‘‘अरे, तू उभा कुठे होतास?’’ ‘‘पुढे, डावीकडे.’’ ‘‘म्हणजे गिटारवाल्याच्या अ‍ॅम्पसमोर! मग तुला गायक कसा ऐकू येणार, यार?’’ दोनशे माणसांच्या त्या खोलीत ड्रमचा आवाज ध्वनिक्षेपकाची वाट न पाहता अंगावर येतो, गिटारचा अ‍ॅम्प समोरच्या रांगेच्या छातीत शिरतो, आणि गायकाचा स्वर वर टांगलेल्या भोंग्यांतून मागच्या लोकांपर्यंतच नीट पोहोचतो. सबब दोन्ही साक्षी सत्य ठरतात, आणि निकाल असा लागतो की, शहाण्याने ध्वनियंत्रकाशेजारी उभे राहावे. तेथे कोण उभे होते, हे सांगण्याची गरज उरत नाही.

त्यानंतर वर्गवारी निघते. थ्रॅश, डेथ, डूम, ब्लॅक आणि त्यांचे परस्परसंकर यांविषयी हे लोक ज्या सूक्ष्मतेने भांडतात, तितक्या सूक्ष्मतेने आमच्याकडे भाऊबंदांनी सामाईक बांधावरूनही भांडण केलेले मला स्मरत नाही. दप्तरदाराचा प्रमाणग्रंथ म्हणजे 2002 पासून चालत आलेला ‘एनसायक्लोपीडिया मेटॅलम’ हा महासंग्रह, ज्यात जगभरच्या मेटल वाद्यवृंदांची नोंद आहे आणि जे निकषात बसत नाहीत त्यांना दाखलच करून घेतले जात नाही. आजचा पाहुणा वृंद त्यात बसतो की नाही, यावर भुर्जी थंड होते. बंडखोरीच्या संगीताभोवती इतकी कडक महसुली शिस्त कशी वाढली, हे कोडे मला सुटलेले नाही. पण ती वाढली आहे खरी.

इतिहासाचा विषय निघाला की दप्तरदाराचा स्वर गहिवरतो. धोबीतलावाचे रंगभवन, तेथे 1986 पासून भरणारा ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव, पुढे शेजारची रुग्णालये व विद्यालये यांमुळे त्या खुल्या रंगमंचास लागू झालेले शांतता क्षेत्राचे कलम, नंतर जुहूच्या ‘रॅझबेरी ऱ्हायनोसरस’ क्लबातील दाटीवाटीच्या रात्री, आणि 2007 च्या मार्चमध्ये आयर्न मेडन ऐकण्यासाठी उद्यान एक्स्प्रेसने गाठलेले बंगलोर, अशी ही बखर आहे. मुंबईच्याच डेमॉनिक रिसरेक्शनने 2017 साली विष्णूच्या दहा अवतारांवर ‘दशावतार’ नावाची ध्वनिमुद्रिका काढली, याचा त्याला कोकणी माणसास साजेसा अभिमान आहे. त्या वृंदाचे प्रमुख साहिल मखिजा ‘हेडबँगर्स किचन’ या नावाने पाककृतीही शिकवतात. दप्तरदाराच्या सौभाग्यवतींना या साऱ्या संगीतातला तेवढाच भाग मंजूर आहे.

आचारधर्माचीही वाण नाही. ज्या वृंदाची मैफल, त्याचाच सदरा घालून जाणे शिष्टसंमत नाही. धक्काबुक्कीत कोणी पडला तर चार हातांनी त्यास तत्काळ उभे करावे, आणि कोणाचा चष्मा पडला तर रिंगण थांबवून तो शोधावा. ही सौजन्याची रीत आमच्या लोकलच्या दरवाजात आली असती तर किती हाडे वाचली असती! दोन बोटांच्या शिंगांची जी मुद्रा पाहून सभ्य पालक सैतानाची शंका घेतात, ती रूढ केली मेटल गायक रॉनी जेम्स डिओ यांनी, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे ती त्यांनी उचलली आपल्या इटालियन आजीकडून, जी तिचा उपयोग वाईट नजर टाळण्यासाठी करीत असे. थोडक्यात, शेकडो दाढीवाले पुरुष हात उंचावून एकमेकांची दृष्टच काढीत असतात. हा दाखला दप्तरदार दर नवागतास एकदा देतो, आणि जुन्यांना दर खेपेस.

तरी वाचकहो, मध्यरात्री अंधेरी स्थानकाकडे जाताना हे काळे टोळके भेटल्यास बिचकू नका. पत्ता विचारा, सुट्टे मागा, सामान उचलायला सांगा. काहीही नाकारणार नाहीत. एवढेच करा, मेटॅलिका 1991 नंतर बिघडली काय, हा प्रश्न त्यांच्यापाशी चुकूनही काढू नका. शेवटची लोकल त्यांचीही जाईल आणि तुमचीही.